ओ-लाइनमन ड्राफ्ट करताना मापं खरंच बघायची का? (उत्तर जरा लांब आहे)

तुमचा प्रश्न अमेरिकन फुटबॉलमधल्या ओ-लाइनमनबद्दल, म्हणजे क्वार्टरबॅकला (बॉल फेकणाऱ्याला) वाचवायला समोरच्यांना अडवणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनच्या पोरांबद्दल आहे. थोडक्यात असा की २०२५ च्या ड्राफ्टआधी (ड्राफ्ट म्हणजे एनएफएल ह्या व्यावसायिक लीगच्या टीम कॉलेजची पोरं क्रमानं निवडतात ते) इंडियानापोलिसला कंबाइनमध्ये, म्हणजे मापं आणि चाचण्या घेतात तिथं, एलएसयू कॉलेजच्या विल कॅम्पबेलचे हात ३२ ५/८ इंच भरले आणि तिथून पुढे दोन महिने सगळे त्याच्या हातांवरच बोलत होते, हा लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या कडेचा) नाहीच, ह्याला गार्डला (टॅकलच्या आतल्या जागेला) टाका वगैरे, आणि एवढं होऊन पेट्रियट्स टीमनी त्याला चौथ्या नंबरला टॅकल म्हणूनच घेतला. मग मापांना काही अर्थ आहे का, की सरळ फिल्म (मॅचचं रेकॉर्डिंग) बघावी आणि मोजायची टेप घरी ठेवावी?

मी २२ वर्षं ऑफेन्सिव्ह लाइन शिकवतोय, आधी ओहायोत हायस्कूलला, मग एका छोट्या कॉलेजात, आणि मधली सहा वर्षं ड्राफ्टला येणाऱ्या लाइनमनचे फिल्म रिपोर्ट लिहायचं काम केलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. मापं महत्त्वाची आहेत, पण पोरगा चांगला आहे का हे ती सांगत नाहीत, त्याला चूक करायला किती जागा आहे तेवढं सांगतात. लांब हाताच्या टॅकलचं एक पाऊल चुकलं तरी तो सावरतो. आखूड हातवाल्याला तेच पाऊल बरोबरच टाकावं लागतं, एका मॅचमध्ये ३५-४० वेळा, आणि समोरचा त्यातल्या एका चुकीचीच वाट बघत असतो.

आता फिल्म पुरेशी का नाही. फिल्मवर दिसतं ते पोरानं कॉलेजच्या पोरांसमोर काय केलं ते. मोठ्या कॉन्फरन्समधल्या (कॉलेज टीमांच्या गटातल्या) टॅकललासुद्धा अख्ख्या सीझनमध्ये पुढं एनएफएलला जाऊन टिकतील असे एज रशर (कडेनं क्वार्टरबॅकवर धावून येणारे बचावपटू) मोजकेच भेटतात, बाकीच्या आठवड्यांत समोर जो असतो तो चार वर्षांनी बँकेत नाहीतर विमा कंपनीत कामाला लागलेला असतो. त्याच्यावर हा भारी पडला ह्याचा आनंद आहेच, पण एनएफएलमध्ये रविवारी समोर माइल्स गॅरेटसारखा एज रशर येणार आहे. गॅरेटचे हात ३५ १/४ इंच आहेत आणि २७२ पाउंड वजन घेऊन तो ४० यार्ड ४.६४ सेकंदात पळाला होता. कॅम्पबेलच्या आणि त्याच्या हातात अडीच इंचांहून जास्त फरक आहे. असा माणूस पोराच्या फिल्ममध्ये कदाचित एकदाही आलेला नसतो, म्हणजे जी मॅच अजून झालीच नाही तिच्याबद्दल अंदाज बांधायचा आहे, आणि तिथं टेपशिवाय हाताशी फार काही नसतं.

हातावरच एवढा जोर का, ह्याला नियमाचं कारण आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९७८ मध्ये एनएफएलनी नियम बदलला आणि पास ब्लॉक करताना (क्वार्टरबॅक बॉल फेकेपर्यंत समोरच्याला अडवताना) लाइनमनला हात पुढं लांब करायला आणि पंजे उघडे ठेवायला परवानगी दिली. त्याआधी हात छातीशी धरून अंगानं, खांद्यानं अडवायचं. नियम बदलल्यावर पहिला स्पर्श कोणाचा ह्यावर खेळ आला. माझं आजोळ सांगलीचं, आजोबा तालमीतले, लहानपणी मला आखाड्याच्या कडेला बसवून खडाखडी दाखवायचे, दोन पहिलवान एकमेकांची मनगटं झटकत, मान धरायला बघत असतात ती. पुढं इथं पास प्रोटेक्शन शिकायला लागलो तेव्हा मला हे सगळं आधी बघितल्यासारखं वाटलं होतं. ज्याचा पंजा आधी समोरच्याच्या छातीवर बसला तो ठरवणार की आता कुठं जायचं. एज रशर एक हात ताठ करून टॅकलच्या छातीत रोवतो, त्याला लाँग आर्म म्हणतात, आणि तो बसला की आखूड हातवाल्याचे दोन्ही हात हवेत राहतात, तो समोरच्याच्या अंगापर्यंत पोचतच नाही, मग तो कमरेत वाकून पुढं झुकतो आणि झुकला की संपलं.

म्हणून टॅकलसाठी ३४ इंच असले की सगळे खूश, ३३ ला चर्चा, ३३ च्या खाली गेलं की गार्डचा विषय निघतो. पण ही मापं घेतात कशी ते एकदा जवळून बघा. पोराला शर्ट काढून भिंतीला पाठ लावून उभा करतात, हात जमिनीला समांतर ठेवायला लावतात, खांद्याच्या टोकाचं हाड बोटानं चाचपतात आणि तिथून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप. ते हाड म्हणजे काही खिळा नाही. ३१० पाउंडच्या पोराच्या खांद्यावर एवढं मांस असतं की मोजणाऱ्याचं बोट जरा पुढंमागं झालं की पाव-तीन अष्टमांश इंच सहज इकडचे तिकडे होतात. मी स्वतः एकाच पोराला सकाळी आणि संध्याकाळी मोजून वेगवेगळे आकडे लिहिलेत. कॅम्पबेलचंच बघा, कंबाइनला ३२ ५/८ आणि नंतर कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजातच होणाऱ्या चाचणीला) ३३. मधल्या काळात हात काही वाढले नाहीत. स्काउट लोक उंचीही अष्टमांशात लिहितात, ६०५६ लिहिलं की ६ फूट ५ आणि सहा अष्टमांश इंच, त्यामुळं कागदावर सगळं फार काटेकोर वाटतं. मी ३२ ५/८ आणि ३३ ह्यांत फरक मानत नाही. ३२ आणि ३४ मध्ये मानतो.

आता लगेच कोणीतरी जो थॉमसचं नाव घेणार, नेहमीच घेतात. हात साडेबत्तीस इंच, २००७ ला ब्राउन्सनी तिसऱ्या नंबरला घेतला, लागोपाठ १०,३६३ स्नॅप (बॉल मागे देऊन सुरू होणारा एकेक डाव) खेळला, ११ सीझनमध्ये १० प्रो बोल (सीझनच्या निवडक चांगल्या खेळाडूंचा मान), २०२३ ला हॉल ऑफ फेम. मग हात आखूड असून काय बिघडलं? मला थॉमस प्रचंड आवडतो, माझ्या पोरांना त्याची फिल्म दर सीझनला दाखवतो, पण ह्या वादात त्याचं उदाहरण जपून वापरा. त्याचे पाय एवढे अचूक होते की समोरच्याला हात लांब करायला कोनच मिळायचा नाही, तो रशरच्या आधी त्या जागी पोचलेला असायचा. साडेबत्तीस इंचवाले शेकडो टॅकल कॉलेजातून येतात, त्यातले बहुतेक असे नसतात, आणि जे जमले नाहीत त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत म्हणून आपण वाचलेल्यांचीच यादी करत बसतो.

उलट बाजूनंही हीच गडबड आहे. आखूड हाताच्या पोराला टीम पहिल्याच कॅम्पला गार्डला हलवते, मग तो टॅकलला कसा खेळला असता हे कधी कळतच नाही, आणि आपण म्हणतो बघा, आखूड हातवाले टॅकल दिसत नाहीत. दिसणार कुठून, उभंच केलं नाही. नॉर्थवेस्टर्नचा पीटर स्कोरोन्स्की, हात ३२ १/४, २०२३ ला टायटन्सनी ११ व्या नंबरला घेतला आणि सरळ लेफ्ट गार्डला लावला. झॅक मार्टिन नोटर डेमला लेफ्ट टॅकल होता, त्याचेही हात ३३ च्या आत, २०१४ ला काउबॉइजनी १६ व्या नंबरला घेऊन गार्ड केला आणि तो सात वेळा फर्स्ट टीम ऑल-प्रो (त्या वर्षीच्या लीगमधल्या सर्वोत्तमांत) झाला. मार्टिनच्या बाबतीत मापानं टीमला बरोबर रस्ता दाखवला असं मी मानतो. टॅकलला तो चांगला झाला असता, गार्डला तो त्याच्या पिढीतला सर्वोत्तम झाला.

म्हणजे पोझिशन कुठली ह्यावर बरंच अवलंबून आहे. टॅकल कडेला एकटा असतो, समोरच्याला पळायला जागा असते, तिथं पोच लागते. गार्ड आणि सेंटरला (मधोमध उभा राहून बॉल मागे देणाऱ्याला) समोरचा माणूस अर्ध्या यार्डावर उभा, स्नॅप झाला की तो अंगावर, तिथं दोन इंच पोचेपेक्षा पायाखाली पकड किती आणि कंबर किती खाली हे जास्त लागतं. टायलर लिंडरबॉमचे हात ३१ १/८ इंच, वजन २९६, तरी रेव्हन्सनी २०२२ ला पहिल्याच राउंडमध्ये २५ व्या नंबरला घेतला आणि तो प्रो बोलला गेला. जेसन केल्सी २०११ ला कंबाइनला २८० पाउंडांचा होता, लोक म्हणाले हा उडून जाईल, ईगल्सनी सहाव्या राउंडमध्ये १९१ व्या नंबरला घेतला, पुढं १३ सीझन तिथंच, सहा वेळा फर्स्ट टीम ऑल-प्रो. पण केल्सी हे मापं फेकून द्यायचं उदाहरण नाही बरं का. त्याचं वजन कमी होतं पण तो ४.८९ ला पळाला होता, त्या वजनाला ती चपळाई हेच त्याचं माप होतं, आणि ईगल्सना असा सेंटर हवा होता जो स्नॅप करून मैदानभर पळत जाऊन लाइनबॅकरला (लाइनच्या मागे उभ्या बचावपटूला) गाठेल. नुसतं समोर ढकलायचं अशी रन गेम (बॉल घेऊन पळायचे डाव) असलेल्या टीमनं त्याला घेतलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती असं मला वाटतं. त्यामुळं स्कीम (टीमची खेळायची पद्धत) काय आहे हे न विचारता मापावर बोलणं म्हणजे गिऱ्हाईक न बघता कपडा शिवणं.

मोठ्या शरीराला भुलण्याचंही सांगायलाच हवं, कारण त्यात टीमांचं जास्त नुकसान झालंय. १९८९ चा ड्राफ्ट. पहिला ट्रॉय एकमन, तिसरा बॅरी सँडर्स, चौथा डेरिक थॉमस, पाचवा डीऑन सँडर्स, चौघंही हॉल ऑफ फेममध्ये. आणि दुसऱ्या नंबरला पॅकर्सनी टोनी मँडरिच घेतला, ३०० पाउंडांहून जास्त वजन, ४० यार्ड ४.६५, बेंच प्रेसला २२५ पाउंड ३९ वेळा. चार सीझनमध्ये पॅकर्सनी त्याला सोडला, आणि २००८ मध्ये त्यानं स्वतःच कॉलेजात असताना स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. २०१४ ला रॅम्सनी दुसऱ्याच नंबरला ग्रेग रॉबिन्सन घेतला, ३३२ पाउंड, हात ३५ इंच, ४.९२ ला पळाला, मापं बघितली तर स्वप्नातला टॅकल, आणि तीन सीझननंतर रॅम्सनी त्याला ट्रेड केला. त्याचे हात लांब होते पण पास सेटमध्ये (पास ब्लॉकसाठी पावलं मागं घेऊन उभं राहताना) पंजे उशिरा आणि रुंद पडायचे, हे त्याच्या कॉलेजच्या फिल्मवर आधीच दिसत होतं, त्याची कॉलेज टीम ऑबर्न पासच एवढे कमी टाकायची की बघायला फार प्रसंगच नव्हते.

बेंच प्रेसबद्दल एक वेगळंच सांगतो. आखूड हातवाल्याला बार कमी अंतर उचलावा लागतो, म्हणून तो जास्त वेळा मारतो, लांब हातवाल्याला तोच बार दूर न्यावा लागतो. म्हणजे टॅकलला जे माप हवंय तेच त्याचा बेंचचा आकडा खाली ओढतं. ऑर्लँडो ब्राउन ज्युनिअर २०१८ ला कंबाइनला गेला, ६ फूट ८, ३४५ पाउंड, हात ३५ इंच, बेंच १४ आणि ४० यार्ड ५.८५. सगळ्यांनी नाकं मुरडली, तो तिसऱ्या राउंडपर्यंत घसरला, ८३ व्या नंबरला रेव्हन्सनी घेतला. पाच वर्षांनी तो चीफ्सचा लेफ्ट टॅकल म्हणून सुपर बोल खेळत होता, समोर त्या सीझनला ७० सॅक (क्वार्टरबॅकला बॉल हातात असतानाच पाडणं) केलेली ईगल्सची डिफेन्स, आणि चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्स ह्याला एकही सॅक झाला नाही. ५.८५ खरंच हळू आहे, मी ते नाकारत नाही. पण टॅकल ४० यार्ड पळतो कधी? मी फक्त पहिल्या १० यार्डांचा वेळ बघतो, कारण स्नॅपनंतरच्या दोन-तीन पावलांतच त्याचं काम होतं किंवा बिघडतं.

मी मापांचे मनात दोन ढीग करतो. वजन, बेंच, थोडीफार चपळाई हे बदलतं, चांगला कोच, चांगली खानावळ आणि दोन वर्षं मिळाली की २० पाउंड चढतात. हात, उंची, सांध्यांची ठेवण हे २१ व्या वर्षी जे आहे ते आहे. म्हणून हलक्या पोराला मी लवकर नाकारत नाही, आणि आखूड हातवाल्या टॅकलबद्दल जास्त वेळ विचार करतो. आणि सांध्यांवरून आठवलं, कंबाइनला टीव्हीवर पळणं दाखवतात पण टीमांसाठी तिथली सगळ्यात मोठी गोष्ट वैद्यकीय तपासणी आहे, गुडघे, पाठ, खांदे. ३४ इंच हात असून खांद्याचं दोनदा ऑपरेशन झालं असेल तर मला ते ३४ नको असतात.

कितव्या नंबरला घेताय ह्यानंही उत्तर बदलतं. चौथ्या नंबरला तुम्ही पोराला चार वर्षांचा करार आणि पहिल्या दिवसापासून जागा देता, तिथं त्रुटी परवडत नाही, म्हणून कॅम्पबेलच्या हातांवर एवढी चर्चा होणं मला तरी रास्त वाटलं. सातव्या राउंडला गणित उलटं होतं. जॉर्डन मायलाटा सिडनीचा, रग्बी लीग खेळणारा, अमेरिकन फुटबॉलची एक मॅच खेळलेला नव्हता, ६ फूट ८, ३४६ पाउंड. २०१८ ला ईगल्सनी त्याला २३३ व्या नंबरला घेतला. फिल्म नव्हतीच, होतं ते फक्त शरीर आणि पाय, आणि त्यांच्याकडे जेफ स्टाउटलंडसारखा लाइन कोच होता ज्याच्याकडे शिकवायला धीर होता. पहिली दोन सीझन तो एकही मॅच खेळला नाही. नंतर लेफ्ट टॅकल झाला आणि सुपर बोल जिंकला. असा जुगार पहिल्या राउंडमध्ये मी कधीच खेळणार नाही, सातव्यात दरवर्षी खेळेन.

ह्याच्याही पलीकडचं एक उदाहरण आहे, ते तालमीमुळं माझ्या फार जवळचं. स्टीफन नील कॉलेजात फुटबॉल खेळलाच नाही, कुस्ती खेळला, १९९९ च्या कॉलेज फायनलला ब्रॉक लेस्नरला हरवलं, त्याच वर्षी फ्रीस्टाइलचा विश्वविजेता झाला, आणि नंतर पेट्रियट्सचा गार्ड म्हणून वर्षानुवर्षं खेळला. त्याला खांदे कुठं ठेवायचे आणि समोरच्याचा तोल कधी गेलाय हे अंगातूनच कळत होतं. ह्यासाठी कंबाइनला कुठलाच टेप नाही, म्हणून पोरानं शाळेत कुस्ती केलीय का हे मी आजही पहिल्यांदा विचारतो.

मी स्वतः हे काम कसं करतो ते सांगतो, आणि असं का करतो तेही. रिपोर्ट लिहायचो त्या काळात एकदा एका टॅकलचं माप आधी हातात आलं, हात ३२ आणि काहीतरी, आणि फिल्म लावायच्या आधीच माझ्या डोक्यात "गार्ड" पक्कं झालं. मग प्रत्येक हरलेल्या स्नॅपला मला हातच दिसत गेले. रिपोर्टमध्ये मी गार्ड लिहिलं. तो पोरगा पुढं वर्षानुवर्षं टॅकल खेळला. परत ती फिल्म काढून बसलो तेव्हा दिसलं की तो जिथं हरला त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी पहिलं पाऊल आत पडत होतं, हाताचा संबंधच नव्हता, आणि पाऊल सुधारता येतं. त्या चुकीचं मला अजून वाईट वाटतं, कारण अशा रिपोर्टवर पोराच्या आयुष्याची चार-पाच वर्षं इकडची तिकडं होतात.

तेव्हापासून फिल्म आधी. सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्यांसमोरच्या तीन मॅच, प्रत्येक पास सेट, आणि वहीत फक्त दोन गोष्टी, पंजा आधी कोणाचा बसला आणि हरल्यावर हा सावरला का. मग पोझिशनचा अंदाज लिहून वही बंद. त्यानंतर मापं उघडतो. जुळली तर प्रश्न मिटला. नाही जुळली, म्हणजे हात आखूड पण पंजा आधी बसतोय, तर परत फिल्मवर जाऊन शोधतो की हा हे करतोय कसं, पायानं, वेळेनं, की समोरचे पोरंच मठ्ठ होते म्हणून.

कसं करतात ह्याचं आमच्याच टीममधलं सांगतो. आमचा राइट टॅकल, हात ३२ १/४, एका मॅचला समोर लांबलचक हातांचा डिफेन्सिव्ह एंड, पहिल्या हाफमध्ये चार वेळा हरला आणि चारही वेळा तस्संच, दोन्ही हात एकदम मारायला गेला, समोरचा हात आधी छातीत बसला, डोकं खाली गेलं. हाफटाइमला त्याला एवढंच सांगितलं की तू आधी मारू नकोस, त्याला हात काढू दे, आतल्या हातानं त्याच्या मनगटावर वरून खाली झटका दे आणि मग बाहेरचा हात आत घाल, आणि सेट जरा आखूड घे म्हणजे त्याला धावत यायला अंतर मिळणार नाही. दुसऱ्या हाफमध्ये तो एकदाच हरला. पण मॅचनंतर तो बाकावर बसला तेव्हा बूट काढायची ताकद नव्हती त्याच्यात, दर स्नॅपला वेळ साधायची म्हणजे डोकंही तेवढंच दमतं. दुसऱ्या बाजूचा आमचा लांब हातवाला टॅकल निवांत पाणी पीत होता, त्याची पावलं त्या दिवशी ह्याच्यापेक्षा वाईट पडली होती.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर नॉर्थवेस्टर्नचा टॅकल रशॉन स्लेटर ह्याची २०१९ ची ओहायो स्टेटविरुद्धची मॅच लावा. हात बरोबर ३३ इंच, समोर चेस यंग, जो पुढच्याच ड्राफ्टला दुसऱ्या नंबरला गेला. नॉर्थवेस्टर्न ५२-३ नी हरली, पण २०२१ ला चार्जर्सनी स्लेटरला १३ व्या नंबरला घेतलं त्यात ह्या फिल्मचा मोठा वाटा होता, आणि पहिल्याच वर्षी तो प्रो बोलला गेला. बॉल कुठं जातोय ते बघू नका, फक्त स्लेटरचे, म्हणजे ७० नंबरचे, पंजे आणि डावा पाय बघा, आणि कागदावर मोजा पंजा कोणाचा आधी बसला. मग तेच कॅम्पबेलच्या एखाद्या कॉलेजच्या मॅचवर करा आणि तुमचे आकडे इथं टाका, मी माझ्या वहीतले टाकतो.